मनकर्णाबाईंचं ‘नाही’

पडेगाव,
३ ऑगस्ट २०२५

आदरणीय सुदर्शनभाऊ,

शुक्रवारी तुम्ही दवाखान्यातून निघालात तेव्हा मला सांगायचं होतं त्यातलं अर्धंही सांगून झालं नव्हतं. या वेळी मनकर्णाबाई बरोबर नव्हत्या. मी बोलत होते ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं, आणि लिहून दाखवायला घेतलं तर बाहेर चार जण खोळंबले होते. फोनचाही उपयोग नाही. म्हणून हे पत्र. वेरूळला दोन दिवसांत पोचेल असं पोस्टातल्या माणसानं सांगितलं.

अडीच वर्षांपूर्वी तुमच्या खालच्या जबड्यात डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन दाढा मी स्क्रूवर बसवल्या. त्यातली डावीकडची हलायला लागली म्हणून तुम्ही आलात. एक्स-रेत दिसतं ते असं: दाढेच्या टोपीतला बारीक स्क्रू तुटला आहे, आणि हाडात रोवलेल्या मोठ्या स्क्रूभोवतीचं हाड खचलं आहे. ती काढावी लागेल. उजवीकडची अजून घट्ट आहे, पण तिच्याही टोपीचा एक टवका उडाला आहे.

कारण मला आता स्पष्ट दिसतं. तुमच्या खऱ्या दातांचे माथे घासून सपाट झाले आहेत, जबड्याचे स्नायू ताठ आहेत, गालाच्या आत दातांची पांढरी रेघ उमटली आहे. तुम्ही झोपेत दात खाता. घास चावताना लागतो त्याच्या कितीतरी पट जोर झोपेत लागतो. खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो. तो किंचित दबतो, आणि जोर फार झाला की मेंदूला कळवतो. स्क्रूच्या दाढेला हा पडदा नसतो, ती थेट हाडात बसते. तिच्यावर किती भार पडतो आहे हे कोणालाच कळत नाही, तिला नाही आणि तुम्हालाही नाही.

दाढा बसवण्यापूर्वी मी या सवयीबद्दल विचारलं होतं. उत्तर ‘नाही’ असं मिळालं. तशी नोंद आहे.

शुक्रवारी मी माप घेतलं आहे. त्यावरून झोपताना दातांवर घालायची एक पट्टी करून घेते. ती रोज घातली तर उजवीकडची दाढ वाचेल. नाहीतर तिचंही हेच होईल.

आणखी एक. खुर्चीतून उठताना तुम्ही भिंतीला तळहात लावलात आणि म्हणालात, “खालून पितीय.” मी तर गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर डांबर घालून घेतलं, भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, वर पाणी न शिरणारा रंग दिला. ओल कमरेपर्यंत होती, ती आता खांद्यापर्यंत आली आहे. खालून म्हणजे काय, ते सवडीनं कळवाल का?

तुमची,
मनस्विनी

*

वेरूळ,
८ ऑगस्ट

डॉक्टर मॅडम यांना सुदर्शनचा रामराम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. माझ्याशी आजवर इतकं सविस्तर कोणी बोललेलं नाय, कान गेल्यापासून तर नायच. लोक दोन शब्दांत आटपतात. “जेवा”, “चला”, “बसा”. म्हणून आनंद वाटला, खबर वाईट असली तरी.

आधी भिंतीचं सांगतो, कारण ते मला ठाऊक हाय. तुमचा दवाखाना हाय ते घर तुमच्या वडिलांनी बांधलं तव्हा पाया काळ्या दगडाचा केला अन् वर वीट. दगड पाणी पीत नाय, पण दगडादगडातला सांधा पितो, अन् वीट तर लई पिते. तिच्या अंगात केसाहून बारीक नळ्या असतात. पाणी त्यातनं आपसूक वर चढतं, कोणी ढकलावं लागत नाय. पूर्वी चुन्याचा गिलावा व्हता तव्हा जेवढं चढायचं तेवढं भिंतीच्या अंगावरनं उडून जायचं. तुम्ही सिमेंट अन् रंग लावून तिचा घाम बंद केला. आता पाणी उडणार कुठनं? ते वर जातं, जिथं रंग संपतो तिथनं बाहेर येतं, अन् तिथं लोणा फुटतो, पांढरा खार. तुम्ही लोणा बघून वर इलाज करता. इलाज खाली पायजे. तुमच्या मागच्या मोरीचं पाणी कुठं जातं ते बघा.

विश्वास बसत नसंल तर करून बघा. दोन दोन विटा मातीनं सांधून एकीवर एक उभ्या करा. एका जोडीला तुमचा तो रंग लावा, वरची चार बोटं सोडून. दोन्ही जोड्या पसरट ताटात ठेवा, बोटभर पाणी घाला, अन् पाणी सरू देऊ नका. आठ दिवस.

दाढेचं तुम्ही लिहिलं ते मला लगेच कळलं. आम्ही दगडी कामात चुना भरतो तो दबतो. भार आला की जरासा हलतो, दगड शाबूत राहतो. नवे गवंडी सिमेंट भरतात. ते दबत नाय, मग एक दिवस दगडच तडकतो. माझ्या तोंडात तुम्ही सिमेंटचं काम केलं म्हणायचं. राग नका मानू, चेष्टा केली.

पण एक गोष्ट समजली नाय. तुम्ही विचारलं व्हतं, असं लिहिता. मला तुम्ही जे विचारता ते पाटीवर लिहून विचारता. असं विचारल्याचं मला आठवत नाय. तुम्ही माझ्या बायकोला विचारलं का, मनकर्णाला? त्या दिवशी तुम्ही तिच्याशी बोलत व्हता, तुमच्या तोंडाला मास्क, पण तिचे ओठ मला दिसत व्हते. “नाय वं, कधीच नाय” असं ती म्हणाली. घरी येताना बसमध्ये मी विचारलं, काय विचारत व्हत्या? तर म्हणे, तंबाखू खातात का. मला तव्हाच नवल वाटलं. तंबाखू तर तुम्ही पहिल्याच दिवशी वासावरनं ओळखली व्हती अन् सोडायला लावली व्हती. तुम्ही तेच परत कामून विचारता?

तेवढं कळवा.

सुदर्शन

*

पडेगाव,
२० ऑगस्ट

आदरणीय सुदर्शनभाऊ,

विटांचा प्रयोग केला. दवाखान्याच्या मागच्या खिडकीत ताट ठेवलं आणि रोज सकाळी मोजपट्टी लावून ओल मोजली. साध्या जोडीत ओल वरच्या विटेच्या मध्यापर्यंत जाऊन थांबली. रंगाच्या जोडीत सहाव्या दिवशी ती रंगाच्या वर, चार बोटांच्या उघड्या भागात पोचली, आणि आज तिथे पिठासारखा पांढरा थर आहे. माझ्या भिंतीवर आहे तसाच.

मला माझीच गंमत वाटली. हाडात स्क्रू बसवताना रक्त त्याच्या खरबरीत आट्यांवर आपोआप वर चढतं. मी ते शेकडो वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी समाधानानं पाहिलं आहे, कारण स्क्रू हाडाला नीट धरणार याची ती पहिली खूण. तेच माझ्या पाठीमागच्या भिंतीत चाललं असेल हे मात्र कधी डोक्यात आलं नाही. मोरीचं पाणी तुम्ही म्हणालात तसं पायाशीच मुरतं आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, मी मनकर्णाबाईंनाच विचारलं होतं. तुमच्या वतीनं त्यांनी फॉर्म भरला आणि सही केली. शंका राहू नये म्हणून त्या पानाची झेरॉक्स सोबत पाठवते. चौथ्या ओळीत आहे.

पाकिटात डबी आहे, तिच्यात पट्टी. खरं तर इथे बसवून बघायला हवी, पण तुमचं बारवेच्या पायऱ्या बांधायचं काम सुरू आहे आणि उजवीकडच्या दाढेसाठी एकेक दिवस महत्त्वाचा आहे. कुठे टोचली तर घासू नका, मला कळवा.

तुमची,
मनस्विनी

*

वेरूळ
२ सप्टेंबर

डॉक्टरबाईंना मनकर्णाचा नमस्कार. मी चौथी शिकलेली हाय, चुकलं माकलं पोटात घाला.

तुमचं पाकीट मीच त्यांच्या हातात दिलं. ते बारवेवरनं आले व्हते, हात चुन्याचे व्हते, म्हणून मीच फोडून दिलं. आधी पट्टी बघून हसले. मग कागद बघितला. मपली सही बघितली. मला कागद दाखवला अन् त्या ओळीवर बोट ठेवलं. मी मान खाली घातली.

 तिसऱ्या दिवशी अंथरूण उचललं अन् जिथं चुना मळतात त्या घाणीच्या शेडात गेले. आठ दिवस झाले. जेवायला येतात, ताटाकडं बघून जेवतात. मी समोर गेले की तोंड दुसरीकडं. बहिऱ्या माणसानं बघायचंच बंद केलं तर त्याच्याशी बोलायचं कसं, सांगा. पट्टी डबीत हाय तशी हाय.

डॉक्टरबाई, मी खोटं बोलले ते कबूल. पण ऐका. मपले सासरे झोपेत दात खायचे. ज्याचे दात वाजतात त्याच्या घरात बरकत राहत नाय, असं सासू म्हणायची. तिनं सासऱ्यांना गोठ्यात निजवलं, ते मरेपर्यंत तिथंच निजले. आमच्या यांनी लहानपणी बापाला तिथं भाकर नेऊन दिलेली. यांचे कान गेले अन् मग यांचेबी दात वाजायला लागले. यांना काय ऐकू येतंय? मी ठरवलं, सांगायचं नाय. सांगितलं असतं तर आपणच उठून बाहेर गेले असते, असा माणूस.

अन् तुमच्याकडं आलो तव्हा बाहेर नंबर लावणाऱ्या तुमच्या लीलाबाई एका पेशंटला सांगत व्हत्या, दात खायची सवय असंल तर मॅडम असली दाढ बसवत नाहीत. दोन वर्षं यांनी भाकर दुधात कुस्करून खाल्ली व्हती, डॉक्टरबाई. दगड फोडणारा माणूस लेकरावानी खात व्हता. तुम्ही विचारलं अन् मपल्या तोंडातनं नाय निघून गेलं.

दाढ मपल्यामुळं गेली. ते मी सोसंन. पण तुम्ही कागद कामून पाठवला? त्यांनी विचारलं व्हतं, तर तुम्ही नुसतं व्हय लिहायचं व्हतं. माझ्याकडनं वदवून घेतलं असतं त्यांनी, मी रडले असते, ते रागावले असते, झालं असतं. कागदापुढं माणसाला बोलायला काय राहतं?

आता ते त्यांच्या बापासारखे बाहेर निजतात, अन् आपल्या पायानं गेलेत.

मनकर्णा

*

पडेगाव,
७ सप्टेंबर

आदरणीय सुदर्शनभाऊ,

मनकर्णाबाईंचं पत्र आलं. त्यांनी ते तुम्हाला न सांगता लिहिलं असेल तर मी आत्ता ते उघड करते आहे, आणि त्याबद्दल त्यांची क्षमा मागते. पण आणखी एक गोष्ट झाकून ठेवून हे पत्र मला लिहिता येत नाही.

मी रोज दवाखाना बंद करताना दिवसभरातल्या पेशंटबद्दल दोन ओळी वहीत लिहिते. फॉर्मवर असतं ते वेगळं, हे माझ्यापुरतं. मनकर्णाबाईंचं पत्र वाचल्यावर मी २०२३ ची वही काढली. तुमच्याबद्दल लिहिलं आहे: “दाढा-सुळे सपाट. वयाच्या मानानं फार. दगडकाम करतात, धूळ तोंडात जाते, त्यानं झिजले असावेत. पण पुन्हा पाहणे.”

‘पुन्हा पाहणे’ माझ्याच अक्षरात आहे. मी पुन्हा पाहिलं नाही.

दगडाच्या धुळीनं दात झिजतात हे खरं आहे, तुमच्या भागातले असे चार-पाच जण मी पाहिले आहेत. म्हणून तुमचा धंदा ऐकताच मला उत्तर सापडलं असं वाटलं, आणि ते उत्तर मला आवडलं. आता ऑगस्टमध्ये ज्या खुणा मी तुम्हाला मोजून दाखवल्या, ती गालातली रेघ, ते ताठ स्नायू, त्या तेव्हाही होत्या. मनकर्णाबाईंच्या ‘नाही’नं मला शंका सोडून द्यायला परवानगी मिळाली, एवढंच. त्या ‘हो’ म्हणाल्या असत्या तर मी थांबले असते, पण त्यांनी काहीही म्हटलं असतं तरी मी थांबायला हवं होतं. तुमच्या तोंडात मला दिसत होतं, त्यांना नव्हे. दाढ बसवल्यानंतर तुम्ही तीनदा तपासायला आलात. तीनही वेळा मी नव्या दाढा पाहिल्या आणि जुन्या दातांकडे बघितलं नाही.

आणि तो कागद. तो पाकिटात घालताना मी स्वतःला म्हटलं, मी फक्त खरं तेच पाठवते आहे. ते खरंच होतं. पण पहिल्याच पत्रात ‘तशी नोंद आहे’ हे वाक्य लिहिलं तेव्हापासून मी स्वतःला वाचवत होते. माझ्याकडे दोन नोंदी होत्या. जी मला सोडवत होती ती मी पाठवली. दुसरी कपाटात राहिली.

त्या वहीच्या पानाची झेरॉक्स आज सोबत ठेवते आहे. तुम्हाला कोणाला दाखवायची असेल तर दाखवा, दुसऱ्या दंतवैद्याकडे जायचं असेल तरी ती उपयोगी पडेल. डावीकडची दाढ काढणं आणि पुढचं सगळं मी माझ्या खर्चानं करेन, पण ते करून घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

मनकर्णाबाई खोटं बोलल्या हे मी खोडून काढू शकत नाही. पण त्या खोटं बोलल्या म्हणून दाढ गेली, असं माझ्या कागदानं तुम्हाला सांगितलं. ते खरं नाही. दाढ माझ्या हातून गेली.

मागणं एकच आहे. माझ्यावरचा राग ठेवा, पण पट्टी घाला.

मनस्विनी

*

वेरूळ,
५ ऑक्टोबर

डॉक्टर मॅडम यांना रामराम.

उत्तराला उशीर झाला. बारवेचा शेवटचा थर चढवत व्हतो, अन् खरं म्हणजे काय लिहायचं ते कळत नव्हतं.

तुमचं वहीचं पान वाचलं. तुम्ही खरं लिहिलं त्याचं मोल मला हाय. पण तुम्ही आधी कागद पाठवला अन् मग खरं पाठवलं. उलटं पायजे व्हतं. हे मी मनात ठेवत नाय, म्हणून लिहून टाकतो.

अन् तुम्ही तुमच्या चुका मोजल्या, धूळ मोजली, पुन्हा पाहणे मोजलं. एक मोजायची राहिली. मी खुर्चीत बसलेलो व्हतो, मॅडम. तोंड माझं, दाढ माझ्यात बसणार, अन् प्रश्न तुम्ही भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाईला विचारला. पाटी शेजारीच व्हती. लिहून मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? ठाऊक नाय, असं सांगितलं असतं. हे एवढं उत्तर मिळालं असतं तर तुम्ही थांबला असता.

मनकर्णा समजते मी खोट्यावर रागावलो. तुम्हीबी तेच समजता. बहिऱ्या माणसाच्या डोक्यावरनं सगळं जातं, त्याची मला सवय झाली. लग्नाच्या बोलण्या, भावकीतले वाद, लोकांचे विनोद. पण माझ्याच तोंडातली गोष्ट माझ्या डोक्यावरनं गेली. तुम्हाला दिसत व्हती, तिला ऐकू येत व्हती, मलाच ठाऊक नाय. त्या कागदानं मला तेवढं सांगितलं. म्हणून शेडात जाऊन निजलो. बापाचं मनात नव्हतं. शेडात निजल्यावर बाप आठवला तव्हा लक्षात आलं, अन् मग तर उठून घरात यायचीच लाज वाटायला लागली.

परवा दसरा होऊन सगळं आवरलं, पाव्हणे गेले. मनकर्णा शेडाच्या दाराशी आली अन् उभी राहिली. मी तिच्याकडं बघितलं. पहिल्यांदाच बघितलं इतक्या दिवसांत. ती म्हणाली, “विचारा की, काय विचारायचंय ते.”

मी म्हटलं, “आवाज कसा येतो?”

 ऐकू न येणाऱ्याला आवाज सांगणार कसा? तिनं इकडं तिकडं बघितलं, माझ्या छिन्नीखालचे दोन कपचे उचलले. माझा हात ओढून तिच्या मुठीवर ठेवला अन् ते कपचे एकमेकांवर घासले, जोर लावून. माझ्या कोपरापर्यंत थरथर आली. मी चाळीस वर्षं दगडात काढली, दगडाचा असा थरकाप मला ठाऊक नव्हता.

“असं?”

“असं.”

“रोज?”

“रोज.”

“किती वर्षं?”

तिनं बोटं दाखवली. आठ.

मी म्हटलं, “येडी हायस का? उठवायचं व्हतं मला.”

तर म्हणे, “दिवसभर दगड फोडून आलेल्या माणसाला? पाठीवर हात ठेवला की थांबायचं. मग ठेवायचा हात. थांबलं की मी निजायची.”

आठ वर्षं, मॅडम. अन् मी लोकांना सांगत फिरतो, मला झोप लई चांगली लागते.

गुरुवारी आम्ही दोघं येतो. डावीकडची काढून टाका. नवी बसवायची का नाय ते मी अजून ठरवलं नाय, अन् जे विचारायचं ते पाटीवर लिहून मला विचारा, तिनं बाजूला बसून वाचलं तरी चालंल. तुमच्या भिंतीचं सिमेंट खांद्याच्या उंचीवर एक वीत जास्त धरून खरवडून ठेवा, अन् पाऊस आता गेलाय तर दोन महिने तशीच उघडी सोडा. चुना मी घेऊन येईन, पण भिंत सुकायच्या आधी लावणार नाय.

परवा मी डबी उघडली. पट्टी उजवीकडं जरा टोचते. ती घालून शेडातलं अंथरूण गुंडाळलं अन् घरात नेऊन तिच्या शेजारी टाकलं. तोंडात पट्टी असल्यामुळं मला नीट बोलता येत नव्हतं. मी हातानंच तिला सांगितलं, आता तू नीज.

सुदर्शन